अपूर्णांकांच्या खेळात मुलांना किती मोकळीक द्यावी?

रानजाई

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघी मैत्रिणी मिळून चौथी-पाचवीच्या मुलांसाठी अपूर्णांकांचा मोबाइलवरचा खेळ तयार करतोय. पूर्ण मराठीत, इंटरनेटशिवाय चालणारा, फुकट. अपूर्णांकच का, तर बेरीज-वजाबाकी-पाढे व्यवस्थित येणारी मुलंसुद्धा नेमकी इथे अडकतात. आठ हा चारापेक्षा मोठा, म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा, असं ती ठामपणे सांगतात. आतापर्यंत शिकलेल्या सगळ्या गणितात तो नियम चालत आलेला असतो, मग त्यांनी तरी का सोडावा?

खेळ एका जत्रेत घडतो. वीस-बावीस पालं आहेत. कुठे कलिंगड सारखं कापून वाटायचं, कुठे कापड मोजून फाडायचं, कुठे दोरीवर ० आणि १ च्या मध्ये बरोबर जागी पताका लावायची, कुठे तेलाची मापं. प्रत्येक पालात सहा-सात कोडी.

आमचं घोडं अडलंय ते मोकळीक किती द्यायची यावर. एकीचं म्हणणं, जत्रा आहे ना, मग सगळी पालं पहिल्यापासून उघडी ठेवा, मूल फिरेल तसं शिकेल. दुसरीचं म्हणणं, सममूल्य अपूर्णांक कळल्याशिवाय भिन्नछेद बेरजेच्या पालात गेलेलं मूल तोंडघशी पडेल आणि खेळ काढून टाकेल, म्हणून एकामागून एक कुलूप उघडायचं. मला दोघींचं पटतं आणि काम तिथेच थांबलंय.

क्रम कोणी ठरवायचा, सोपं-अवघड कोणी ठरवायचं, मदत मागायची की खेळाने आपणहून द्यायची, पात्राचे कपडे-नाव निवडू द्यायचं की तो नुसता वेळेचा अपव्यय? शिक्षक, पालक, खेळ बनवणारे, खेळणारे, सगळ्यांनी लिहा. अनुभव हवेत.

भटका_बैल

माझ्या पुतण्याला सगळी जत्रा मोकळी दिलीत तर तो आकाशपाळण्यात बसेल आणि जत्रा उठेपर्यंत उतरणार नाही. आकाशपाळण्यात अपूर्णांक घाला, बाकी पालांची गरज नाही.

सोनचाफा

रानजाई, उपक्रम फार आवडला.

माझी मुलगी चौथीत आहे. तिच्याकडे गणिताचं एक ॲप आहे, त्यात कुठलाही स्तर निवडता येतो आणि प्रत्येक स्तराला सारखीच नाणी मिळतात. ती रोज दोनचा पाढा सोडवते. रोज! तिच्या पात्राला आता पंख आहेत, मुकुट आहे, पाळलेला ड्रॅगन आहे, आणि सातचा पाढा अजून तिथेच आहे. मी तिला रागावले नाही, कारण खेळाने ज्याचे पैसे दिले तेच तिने केलं. निवड मोकळी आणि बक्षीस सारखं असेल तर कुठलंही शहाणं मूल सोपं काम घेणार. मोठी माणसंही हेच करतात.

तेव्हा तुम्ही कुलपांचा विचार करण्याआधी नाण्यांचा करा. नाणी आहेत का तुमच्या खेळात?

रानजाई

आहेत. :( म्हणजे सध्याच्या आराखड्यात तरी आहेत. प्रत्येक कोड्याला एक बत्तासा.

कोडगा_कोडर

खेळ बनवणं हाच माझा धंदा आहे, शैक्षणिक नाही, साधे. तरी लिहितो.

तुम्ही चार गोष्टींची यादी केलीत (क्रम, काठिण्य, मदत, पात्र) त्यात पाचवी जागा राहिली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. कोड्याच्या आतली निवड. मूल पालात शिरल्यावर त्याच्यापुढे काय करण्याचे किती मार्ग आहेत? कलिंगडाचे तीन तुकडे दाखवून "बरोबर उत्तरावर बोट ठेवा" असं असेल, तर बाहेर बावीस पालं उघडी ठेवा नाहीतर बंद, मुलाला निवड अशी काही नाहीच. आणि आत जर सुरी त्याच्या हातात असेल, कुठे कापायचं, किती तुकडे करायचे, उरलेल्याचं काय करायचं हे ते ठरवत असेल, तर बाहेरचा क्रम पक्का असला तरी त्याला खेळ आपला वाटतो.

इंग्लंडमध्ये झॉम्बी डिव्हिजन नावाचा एक खेळ केला होता, जेकब हॅबगुड आणि शेरॉन एन्सवर्थ यांनी. २०११ मध्ये त्यावरचा अभ्यास छापून आला. अंगावर आकडे असलेले सांगाडे चालून येतात. तुम्ही वार निवडायचा, आणि प्रत्येक वार म्हणजे एक भाजक. आकड्याला निःशेष भाग गेला तर सांगाडा फुटतो. त्याच खेळाची दुसरी आवृत्ती होती, तिच्यात लढाई तशीच पण बिनआकड्यांची, आणि भागाकार पातळीच्या शेवटी प्रश्नमंजुषेत. पहिल्या आवृत्तीवरची मुलं जास्त शिकली. आणि मोकळ्या वेळात दोन्ही समोर ठेवल्या तेव्हा मुलांनी गणित आत असलेल्या आवृत्तीला सातपट वेळ दिला.

म्हणजे गणितापासून पळायची मुभा असताना मुलं गणिताकडे गेली, कारण तिथे गणित हेच त्यांचं हत्यार होतं. मेन्यूत दहा बटणं देण्यापेक्षा चालीत दोन खरे पर्याय द्या.

शिडीवरचा_साप

कोडगा_कोडर यांना +१. आपल्याकडचेच दोन जुने पट शेजारी ठेवून बघा. सापशिडीत खेळणाऱ्याला एकही निर्णय नाही. फासा पडेल तितकी घरं चालायची. तुमच्याऐवजी मांजर बसवलं तरी निकाल तोच. सारीपाटात फासे नशिबाचेच, पण आपल्या सोंगट्यांतली कुठली हलवायची हे तुमच्या हातात. मारायची का, वाचवायची का, जोडी करून ठेवायची का. दान पडलेलं, चाल आपली.

आमच्या आजीकडे दोन्ही पट होते. पाच वर्षांपर्यंत सगळी नातवंडं सापशिडी मागायची आणि मग एकेक करून सारीपाटाकडे सरकायची. कोणी सांगावं लागलं नाही. लहानग्यांना निर्णय नकोच असतो, नुसतं त्यात असायचं असतं. जरा मोठी झाली की निर्णयाशिवाय कंटाळा येतो. चौथी-पाचवी हे नेमकं सारीपाटाचं वय.

तर्कटराव

या विषयावर संशोधन भरपूर आहे, थोडं लिहितो. मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

रानजाईंनी "पात्राचे कपडे-नाव" हा पर्याय शेवटी, जरा संकोचाने टाकलाय. त्याला कमी लेखू नका. कॉर्डोव्हा आणि लेपर यांनी १९९६ साली चौथी-पाचवीच्याच मुलांवर प्रयोग केला. विषय पदावलीचा, आपल्या कंचेभागुबेवचा, खेळ अंतराळातला. काही मुलांना यानाचं नाव, आपलं चिन्ह अशा, गणिताशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी निवडू दिल्या. बाकीच्यांना त्याच गोष्टी ठरवून दिल्या. निवडणारी मुलं जास्त रमली, जास्त गुंतागुंतीच्या पदावल्या वापरू लागली आणि नंतरच्या चाचणीतही पुढे होती. गणित दोघांना सारखंच होतं.

पुढे २००८ मध्ये पाटल, कूपर आणि रॉबिन्सन यांनी निवडीवरच्या ४१ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. निवडीने आतून येणारी आवड वाढते हे त्यात दिसलं, मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त. पण दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. अभ्यासाशी थेट संबंध नसलेल्या छोट्या निवडींचा परिणाम चांगला होता. आणि निवडीच्या पाठोपाठ बक्षीस आलं की परिणाम घटत होता. सोनचाफा यांच्या घरचा ड्रॅगन हेच सांगतोय.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात जास्त आवडतो. आयंगार आणि लेपर, १९९९, सॅन फ्रान्सिस्को परिसरातली सात ते नऊ वर्षांची मुलं. शब्दकोड्यांचे गठ्ठे. काही मुलांनी स्वतः गठ्ठा निवडला, काहींना प्रयोग घेणाऱ्या बाईंनी निवडून दिला, काहींना सांगितलं की हा तुझ्या आईने निवडलाय. गोऱ्या अमेरिकी घरांतली मुलं स्वतः निवडल्यावर सर्वाधिक रमली. आशियाई घरांतली मुलं आईने निवडलाय म्हटल्यावर. परक्या बाईंनी निवडलेलं मात्र दोघांनाही फारसं भावलं नाही. तर निवड कोणी केली, त्या माणसाशी मुलाचं नातं काय, याला वजन आहे. आपल्या खेळात सध्या निवड करणारा "परका" म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर.

खडूफळा

तर्कटराव सर, माहिती उत्तम. पण त्या आशियाई मुलांत आमच्या अकोले तालुक्यातली पोरं नव्हती. :) चिनी-जपानी वंशाची कुटुंबं होती ना ती? तिथून थेट इकडे उडी नको.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिसरी ते पाचवी माझ्याकडे. रानजाईताई, तुम्ही लिहिलंत तशी निवड "मूल" करतं हे गृहीत धरू नका. आमच्याकडे घरात फोन एक. तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर, संध्याकाळी घरी. मग थोरला भाऊ, मधली बहीण आणि धाकटा असे तिघे एकाच फोनवर. पाचवीतल्या मुलीच्या नावाने आठवीतला भाऊ खेळतो, खेळाला वाटतं ही फार हुशार, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे भिन्नछेद वजाबाकी येऊन पडते. तिला वाटतं, मला काहीच येत नाही. "खेळ आपोआप पातळी ठरवेल" म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यापुढे आणावा.

म्हणून माझी पहिली मागणी: मागे जायची वाट कायम उघडी ठेवा. पुढे जायला कुलूप असेल तर असू दे, मागच्या पालात परतायला कधीही अडवू नका, आणि परतल्यावर "तू खाली आलास" असं काही दाखवू नका. वर्गात जे मूल स्वतःहून म्हणतं "सर, मला परत अपूर्णांकाच्या पट्ट्या द्या", त्याचं गणित सुधारणार हे मला कळतं.

दुसरं, जत्रेत एकटं मूल जात नाही. आमची मुलं मित्र जिकडे जातो तिकडे जातात. दोघांनी मिळून खेळायचं एखादं पाल ठेवा, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. सारखे तुकडे पाडायला याहून मोठी प्रेरणा मला माहीत नाही.

भटका_बैल

हे आमच्या घरी आंब्याच्या बाबतीत होतं. कापणारा मायक्रोमीटर घेऊन बसतो.

पळसपान

बालवाडीत काम करते. या चर्चेत ताराबाई मोडकांचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहिते.

मूल स्वतः साधन निवडतं, हवं तितका वेळ त्याच्याशी खेळतं, हे माँटेसरी पद्धतीचं मूळ. पण तिथे "वाटेल ते करा" कधीच नव्हतं. मांडणीवर काय ठेवायचं हे शिक्षिका आधी ठरवते. वापरून दाखवल्याशिवाय नवं साधन मुलाच्या हाती देत नाही. आणि साधन असं असतं की चूक मुलाला स्वतःलाच दिसते. दट्टे चुकीच्या खाचेत घातले तर शेवटी एक उरतो, बाईंनी सांगावं लागत नाही. निवडीचा भार मूल पेलतं ते या तीन गोष्टींच्या जोरावर.

ताराबाई भावनगरला गिजुभाईंबरोबर हे शिकल्या, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथे आल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम उभं राहिलं. महागडी लाकडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. बिया, शिंपले, खडे, पानं यांची साधनं केली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! शाळेची वेळ आणि जागा मुलाच्या दिवसाप्रमाणे ठरवली. मोकळीक म्हणताना मला आधी हे आठवतं. मुलाला कुठल्या पालात जायचं हे विचारण्याआधी, ते जत्रेपर्यंत पोचतंय का हे त्यांनी बघितलं.

रानजाई, तुमचा खेळ इंटरनेटशिवाय चालतो, ही तुम्ही दिलेली सगळ्यात मोठी मोकळीक आहे असं मी म्हणेन.

आणि एक प्रश्न. पताका चुकीच्या जागी लावली तर तुमचा खेळ काय करतो?

रानजाई

लाल फुली आणि "पुन्हा प्रयत्न करा".

तुमचं वाचून फुली काढायचं ठरवतेय. दोरीवर सावली पाडता येईल, म्हणजे ३/४ ची पताका अर्ध्याच्या अलीकडे लावली तर चार सारखे भाग दिसतील आणि पताका कुठे आहे ते मुलाचं मुलाला दिसेल.

टेक्सासची_मावशी

इथे रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे भाषेच्या बाजूने लिहिते.

ड्युओलिंगो हे भाषा शिकायचं ॲप खूप जणांना माहीत असेल. त्यात आधी झाडासारखी रचना होती. एक टप्पा ओलांडला की चार-पाच विषय एकदम उघडायचे. खाणं आधी घ्या, प्रवास आधी घ्या, जुन्या विषयात खोल जा, तुमची मर्जी. २०२२ मध्ये त्यांनी झाड काढून एकच नागमोडी वाट केली. पुढे काय करायचं हा विचारच नको, पुढच्या गोलावर बोट ठेवा. कंपनीचं म्हणणं होतं की नवीन धडा कधी घ्यायचा आणि उजळणी कधी करायची हे लोकांना उमगत नव्हतं. जुने शिकणारे प्रचंड चिडले होते. मीही चिडले होते, माझी स्पॅनिशची घडी विस्कटली.

पण माझ्या वर्गातल्या मुलांकडे बघितलं तर वेगळंच. नवशिक्यांना वाट आवडली. ज्यांना भाषा थोडी येत होती त्यांना ती बेडी वाटली. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आता त्या वाटेवरही पुढच्या विभागाची परीक्षा देऊन उडी मारता येते, आणि ती सोय मला फार महत्त्वाची वाटते. घरी मराठी बोलणारा मुलगा "हा आंबा आहे, ही चिंच आहे" किती वेळ करणार?

तेव्हा प्रत्येक पालाच्या दारावर एक कोडं ठेवा. सुटलं तर या आत, मागचं झालेलं असो वा नसो.

उलट_तपासणी

मी विरोधात लिहितो. मुलांचं भलं व्हावं असं मलाही वाटतं म्हणूनच.

आपल्याला काय येत नाही हे ज्याला येत नाही त्यालाच कळत नाही. मग त्याने पुढचं काय शिकावं हे त्याने कसं ठरवायचं? रिचर्ड ॲटकिन्सन यांचा १९७२ चा जुना प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना जर्मन शब्द शिकायचे होते. एका गटाला शब्द कसेही आले, एका गटाने आपण कुठल्या शब्दांचा सराव करायचा ते स्वतः ठरवलं, एका गटाचे शब्द विद्यार्थ्याच्या चुका बघून संगणकाने ठरवले. आठवड्याने परीक्षा घेतली. स्वतः ठरवणारे पहिल्या गटापेक्षा बरे, पण संगणकाचा गट त्यांच्या बराच पुढे. आणि ही प्रौढ, शिकलेली माणसं होती. चौथीतलं मूल यापेक्षा चांगलं ठरवेल?

आपल्या देशातलं उदाहरण हवं तर दिल्लीत माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर झालेला अभ्यास बघा, मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन, २०१९. सरकारी शाळांतली सहावी ते नववीची मुलं. ती आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती आणि वर्गात मात्र इयत्तेचंच पुस्तक चालू होतं. सॉफ्टवेअरने प्रत्येकाची खरी पातळी शोधून तिथून सुरुवात केली. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाइतका फायदा (प्रमाण विचलन म्हणजे मुलामुलांच्या गुणांत किती फरक असतो त्याचं माप). मुलांना कोणी विचारलं नव्हतं की तुला काय शिकायचंय.

निवडीचा आग्रह धरणारे बहुतेक जण घरी पुस्तकांचं कपाट असलेल्या मुलांचा विचार करतात. त्या मुलाने चुकीची निवड केली तरी सावरायला आई आहे. ज्याच्याकडे रोजचा अर्धा तासच फोन आहे, त्याचा अर्धा तास भटकण्यात घालवायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

खडूफळा

उलट_तपासणी, तुमचा शेवटचा परिच्छेद मला लागला आणि पटला. ह्या अर्ध्या तासाचा विचार व्हायलाच हवा.

तर्कटराव

उलट_तपासणी यांचा मुद्दा भक्कम आहे. दोन भर घालतो.

माइंडस्पार्कच्या त्या केंद्रांत अर्धा वेळ संगणक आणि अर्धा वेळ छोट्या गटात माणूस शिकवायला होता. फायदा दोन्हींचा मिळून. आणि मुलं तिथे शाळा सुटल्यावर येऊन बसत होती, म्हणजे बसायची व्यवस्था बाहेरून झालेली होती. तुमच्या खेळापुढे मूल आपणहून बसणार आहे. ते उद्या परत येईल का हा प्रश्न तिथे नव्हता, इथे पहिला तोच आहे.

ॲटकिन्सनच्या प्रयोगात शब्द सुटे होते. एक शब्द आधी की दुसरा, याने अर्थ बदलत नाही. अपूर्णांकात एका कल्पनेवर दुसरी उभी राहते, त्यामुळे खरं तर तुमचा मुद्दा इथे आणखी लागू होतो. क्रम खेळाने सांभाळावा हे मलाही मान्य. पण क्रम सांभाळणं आणि प्रत्येक क्षण ठरवून देणं यात अंतर आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत शिक्षणाची शिडी भिंतीवर असते. पायऱ्यांचा क्रम पक्का, चढण्याचा वेग मुलाचा. एका वर्गात प्रत्येक मूल वेगळ्या पायरीवर. क्रम कोणाच्या हाती आणि वेग कोणाच्या, ही दोन उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

गुर्जी

मंडळी, मी जुन्या काळचा मास्तर. वाईला राहतो. संशोधन मला ठाऊक नाही, पण अपूर्णांक म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

आम्हाला अपूर्णांक पुस्तकाआधी तोंडात आला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनची, आजच्या मुलांना शब्दही माहीत नाही. "एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक" हे गावातला दुकानदारही म्हणायचा आणि त्याच्यापुढे उभं असलेलं पोरही. निवड वगैरे काही नव्हती, संध्याकाळी दिवा लागला की म्हणायचं. तरी सांगतो, पाऊण आणि अर्धा यात मोठं कोण, यात आमचा एकही मुलगा फसत नसे, कारण पाऊण म्हणजे एकाला पाव कमी हे कानात बसलेलं होतं. ३/४ असं लिहिल्यावर मात्र तीच मुलं बावरायची.

रानजाईबाई, तुमच्या जत्रेत तेलाचं पाल आहे म्हणालात. तिथे "१ १/४ लिटर" लिहू नका. म्हातारी येऊन "सव्वा लिटर दे" म्हणू दे.

सोनचाफा

गुर्जी, कमाल! आमच्या घरात पाव, सव्वा, दीड, अडीच रोज बोललं जातं आणि लेकीला ते अपूर्णांक आहेत हे माहीतच नाही. पावभाजीतला पाव आणि पाव किलोतला पाव यावरून काल जेवताना अर्धा तास गेला.

शिडीवरचा_साप

अवांतर: औटकी पूर्ण कोणाला येते का? आजोबा म्हणायचे, सुरुवात तेवढी लक्षात आहे, साडेतीन, सात, साडेदहा…

गुर्जी

चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस, साडेएकतीस, पस्तीस. शंभरापर्यंत सांगतो, वेगळा धागा काढा.

भटका_बैल

गुर्जी, औटकीच्या धाग्याला माझे साडेतीन प्रतिसाद आत्ताच राखून ठेवा.

कोडगा_कोडर

मूळ विषयाकडे. मदतीच्या बटणावर कोणीच बोललं नाही. ती निवड सगळ्यात फसवी असते. मदत मागायला मोकळीक दिली की दोन टोकं दिसतात. काही मुलं कोडं वाचायच्या आधी बटण दाबत सुटतात, पाचव्या सूचनेत उत्तर येतं हे त्यांना कळलेलं असतं. आणि काही मुलं, बहुतेक वेळा ज्यांना खरंच गरज आहे ती, शेवटपर्यंत हात लावत नाहीत. मदत घेणं म्हणजे हरणं असं त्यांना वाटतं.

माझा सल्ला, उत्तर सांगणारी मदत ठेवूच नका. साधन देणारी ठेवा. बटणाऐवजी पालात एका कोपऱ्यात पट्ट्या टांगलेल्या असू द्या, हव्या त्याने घ्याव्यात, कलिंगडावर ठेवून बघाव्यात. घेतल्या म्हणून बत्तासा कमी नाही, नाही घेतल्या म्हणून जास्त नाही.

पळसपान

अगदी हेच. मांडणीवर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं.

टेक्सासची_मावशी

आणि बत्तासे नकोतच का मग?

रानजाई

दोन दिवस आम्ही तिघी हा धागा उघडून बसलोय. पुढची आवृत्ती अशी करतोय.

एका वेळी तीन पालं उघडी. तिन्ही त्या मुलाला झेपतील अशी, पण वेगळ्या जातीची: एक वाटणीचं, एक मोजण्याचं, एक दोरीचं. त्यातलं कुठलं आधी हे मूल ठरवेल. तिन्हींत काय असायला हवं हे आम्ही ठरवू. उलट_तपासणी, अर्धा तास वाया जाणार नाही अशी ही कडेकोट सोय नाही, पण तिन्हींपैकी कुठेही गेलं तरी ते कामाच्याच जागी असेल. पुढच्या पालाच्या दारावर मावशींचं उडीचं कोडं. मागचं सगळं कायम उघडं, परतल्यावर पाटी नाही, आवाज नाही. पट्ट्या टांगलेल्या. फुली गेली, सावली आली.

बत्तासे काढले. त्यावर आमच्यात अजून धुसफूस आहे, एकीला वाटतं मुलं हिरमुसतील. त्याऐवजी प्रत्येक मूल आपलं स्वतःचं पाल उभारेल, नाव आणि रंग त्याचे, आणि त्यात स्वतः केलेलं एक कोडं ठेवेल, दुसऱ्याने सोडवायला. कॉर्डोव्हा-लेपरची नावाची निवड आणि कोडगा_कोडर यांची आतली निवड एकत्र बसतात का ते बघायचंय.

म्हातारी सव्वा लिटर मागणार. गुर्जी, तिचा आवाज तुम्ही द्याल का? म्हणजे म्हातारीचा नाही, शेजारी बसलेल्या आजोबांचा.

एक गोष्ट सुटलेली नाही. खडूफळा सरांचा एकाच फोनवरचा थोरला भाऊ. खेळाडू निवडताना नावाबरोबर चित्र ठेवतोय, तरी भाऊ बहिणीच्या चित्रावर बोट ठेवणारच.

गुर्जी

आवाज देतो. पाऊणकीसकट.

उलट_तपासणी

तीन पालांचं मान्य. मुलांनी केलेल्या कोड्यांबद्दल शंका आहे, चुकीची कोडी कोण तपासणार?

खडूफळा

चुकीची कोडी राहू द्या. "हे कोडं सुटतच नाही" हे शोधून काढणं आमच्या पोरांना सगळ्यात जास्त आवडेल, आणि ज्याने केलं त्याला वर्गात येऊन सिद्ध करावं लागेल.

भावाचं म्हणाल तर त्याला वेगळं काम द्या. "पाहुणा" म्हणून एक दार ठेवा, त्याने कितीही खेळलं तरी बहिणीच्या खात्यात काही लिहिलं जाऊ नये. तिच्या नावाने पुढे उडी मारायची असेल तर दोन वेगळ्या दिवशी दोनदा दारावरचं कोडं सुटायला हवं. रोज तिच्या नावाने कोडं सोडवण्याइतका उत्साह कुठल्या थोरल्या भावाला नसतो.

आमच्याकडे आनंददायी शनिवारी मुलांना नवीन काही द्यायला मी शोधतच असतो. शाळेत जुने टॅब आहेत, त्यांवर चालेल इतका हलका ठेवा. जमलं तर दोन आवृत्त्या पाठवा, एक तीन पालांची, एक सरळ कुलपांची. अर्ध्या वर्गाला एक, अर्ध्याला दुसरी, आणि पुढच्या शनिवारी अदलाबदल. मला गुणांची नोंद नको. कुठलं मूल कुठल्या पालातून कितव्या कोड्याला बाहेर पडलं आणि तिथून कुठे गेलं, तेवढं टॅबवर लिहिलेलं राहील असं बघा. ते वाचून मला माझा सोमवारचा तास ठरवता येईल.